सावलीतले खड्डे

राजूरच्या पुढे आत वळणाऱ्या एका रस्त्याच्या तपासणी अहवालात एक वाक्य आहे. मिश्रण तयार करताना डांबर प्रमाणाबाहेर तापल्याने त्याची लवचिकता गेली व पृष्ठभागास भेगा पडल्या, असं ते वाक्य. ते मी लिहिलं. ते खरं नव्हतं आणि लिहिताना मला ते माहीत होतं. त्या वाक्यामुळे एका माणसाचं काम गेलं आणि नंतर डांबराच्या कुठल्याच प्लँटवर त्याला उभं केलं नाही. माझ्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. ती होण्याआधी, जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझं लिहायला हरकत नव्हती, पण त्यावरून बाकीच्यांची कळतील.

मी तेव्हा शाखा अभियंता होतो. एकेरी रस्ता दुहेरी करायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कडुलिंबाची झाडं होती. रुंदीकरण उजव्या बाजूला व्हायचं होतं, म्हणून उजवीकडची झाडं तोडली, डावीकडची राहिली. उजवीकडे शेतकऱ्यांची जी पट्टी घेतली ती सगळी काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरात भेग पडते ती कोंबडीचं पिलू आत जाईल एवढी. म्हणून अशा मातीवर आधी मुरमाचा जाड थर द्यायचा, तो दाबायचा, मग खडी आणि सगळ्यांत वर डांबर. मुरूम पुरेसा जाड असेल तर खालची माती काय करते ते वर कळत नाही. इथे ठरलेली जाडी तीस सेंटिमीटर होती.

जाडी तपासायची पद्धत साधी. ठरावीक अंतरावर खड्डा घ्यायचा, टेप लावायची, आकडा रजिस्टरात लिहायचा. एक खड्डा डावीकडे, पुढचा मध्ये, त्यापुढचा उजवीकडे, हा नियम. पण मुरमाचं काम आमच्याकडे नेहमी एप्रिल-मेमध्ये येतं आणि त्या दिवसांत जालना जिल्ह्यात दुपारी लोखंडी सब्बल हातात धरवत नाही. त्यामुळे आमच्यात एक रीत पडून गेली होती. मला ती माझ्या आधीच्यांनी शिकवली आणि मी नंतरच्यांना. खड्डा सावलीत घ्यायचा. मजुराला उन्हात खणायला लावू नये, एवढी माणुसकी त्यात होती. साहेबालाही उन्हात उभं राहावं लागू नये, हा उरलेला भाग.

मुकादम पुढे जाऊन झाडाखाली पाण्याचा जार ठेवायचा आणि मला विचारायचा, "साहेब, या लिंबाखाली घेऊ का त्या?"

"सावली दाट कुठं आहे?"

"मंग इथंच. तिकडच्या लिंबाला मुंगळे हायेत, मागच्या बारीला साहेबांच्या पँटीत शिरल्ते."

सगळे हसायचे, मीही हसायचो आणि खड्डा तिथेच व्हायचा. झाडं फक्त डावीकडे उरलेली, म्हणून आमचे सगळे खड्डे डावीकडे झाले. डावीकडे नव्या मुरमाखाली जुन्या रस्त्याचा मुरूम होता, वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबलेला. पाणी मारून रोलर फिरवल्यावर नवा कुठे संपला आणि जुना कुठे सुरू झाला ते दिसत नाही. टेप बत्तीस दाखवायची, कधी चौतीस. रजिस्टरात मात्र मी डावी, मध्य, उजवी, पुन्हा डावी, मध्य, उजवी असंच लिहीत गेलो, कारण रकाना तसा होता. त्यात मला खोटं काही वाटलं नाही. गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, मुरूम दोन्हीकडे सारखाच टाकला आहे, मग इथे मोजलं काय आणि तिथे मोजलं काय, असं वाटायचं. त्याने टाकला होता सारखाच. सारखाच म्हणजे दोन्हीकडे कमी.

डांबराचं काम हिवाळ्यात झालं. खडी आणि डांबर गरम करून एकत्र करणारा प्लँट खाणीजवळ उभा केला होता. त्याचा बर्नर सांभाळायला एक चाचा होते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. घरी उर्दू बोलणारे, आमच्याशी मराठी. बर्नरच्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून दुसरा कान पुढे करून बोलायचे. काम विलक्षण नेटकं. ते आधी चिमणीतल्या धुराकडे बघायचे, मग थर्मामीटरकडे, आणि दोन्हींचं जमलं तरच गाडी सोडायचे. तापमानाचं रजिस्टर स्वतः लिहायचे. आकडे मराठीत आणि शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं असलं तर उर्दूत.

एके सकाळी बर्नरची हवा कमी-जास्त करणारी झडप अडकली आणि एक गाडी माल जास्त तापला. मी तिथे होतो. गाडी फाटकापर्यंत गेली होती. चाचांनी धावत जाऊन ती थांबवली.

गुत्तेदाराचा माणूस चिडला. "चाचा, रोडवर पडल्यावर काळं ते काळंच दिसतंय. कुणाला कळणार हाय?"

"आज न्हाई कळणार," चाचा म्हणाले. "डांबर जळलं की बिस्किटावानी होतंय. दोन साल थांबा, मंग दुनियेला कळंल."

गाडी माघारी फिरली. माल प्लँटच्या मागे ओतला. तो ढीग पुढे कितीतरी दिवस तिथे पडून होता. चाचांनी रजिस्टरात त्या गाडीपुढे तापमान लिहिलं, एकशे नव्वद. लपवलं नाही. शेऱ्यात उर्दूत दोन शब्द लिहिले. मी विचारलं, काय लिहिलंत? ते म्हणाले, "गाडी वापस."

एक पावसाळा गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात रस्त्याला भेग पडली. जाळीसारख्या बारीक भेगा नव्हेत, एक लांबच लांब भेग, रस्त्याच्या दिशेने, जिथे जुनी बाजू संपून नवी सुरू होते अगदी तिथून. मग उजव्या पट्टीत तिला समांतर दुसरी. मोटारसायकलचं चाक त्यात अडकून एक जण पडला, तक्रार वर गेली आणि चौकशीचा आदेश आला. आमचे उपअभियंता आणि मी कोअर काढायचं यंत्र घेऊन गेलो. कोअर म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला डब्यासारखा वाटोळा तुकडा. त्यावरून डांबराच्या थरात काय आहे ते कळतं.

पहिला कोअर आम्ही बरोबर भेगेवर घेतला. यंत्राची घरघर ऐकून शेजारच्या वावरातला शेतकरी येऊन उभा राहिला. वय साठीच्या पुढे, खांद्यावर टॉवेल.

"काय साहेब, रस्त्याला इंजेक्शन देऊन राह्यले का?"

"तपासणी आहे बाबा. भेग कशानं पडली ते बघतोय."

"त्याला मशीन कशाला पाह्यजे?" तो म्हणाला. "तुमच्या रस्त्याखाली गेला तो तुकडा माझाच. माझं वावर बी आत्ता असंच फाटलंय, चला दाखवतो. वरतून काळा कपडा टाकला म्हणून काय खालची जमीन सुधरती व्हय?"

उपअभियंता हसले. मी हसलो नाही, कारण तोवर कोअर बाहेर आला होता. त्याचे दोन तुकडे झाले होते. भेग खाली रुंद होती आणि वर येता येता अरुंद झाली होती. डांबर जळून कडक झालं की भेग वरून सुरू होते. ही खालून आली होती. कोअरच्या भोकात हात घालून खडी बाजूला केली, सब्बलने खणलं, टेप लावली. मुरूम अकरा सेंटिमीटर. त्याखाली काळी माती, तिच्यात बोट जाईल एवढी फट.

त्याच दिवशीचं, त्याच गाड्यांचं डांबर डाव्या बाजूलाही पडलं होतं. डावीकडे एकही भेग नव्हती. यापुढे तपासायचं काही उरलं नव्हतं.

उपअभियंत्यांनी खड्ड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मुरमाची जाडी कुणी घेतली होती?"

"मी, साहेब."

"या बाजूची किती आहे रजिस्टरात?"

"एकतीस. तेहतीस. पुन्हा एकतीस."

त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. रागावले नाहीत. रजिस्टरात माझ्या सहीखाली त्यांचीही सही होती. "खड्डा बुजवून घ्या," ते म्हणाले. "आणि कोअर अखंड जागेवरून काढा. तुटका कोअर प्रयोगशाळा घेत नाही, माहीत आहे ना."

हे खरं होतं. प्रयोगशाळा तुटका कोअर घेत नाही. त्यामुळे भेगेपासून हातभर दूर, जिथे रस्ता शाबूत होता तिथून, आम्ही तीन कोअर काढले. भेगेचं कारण शोधायला गेलो आणि भेग नव्हती तिथले तुकडे गोणपाटात गुंडाळून घेऊन आलो. दोन तुकडे झालेला पहिला कोअर मजुराने बांधावर टाकून दिला. मी गोणपाटांवर नंबर घातले.

ऑफिसात उपअभियंत्यांनी सगळी रजिस्टरं मागवली. माझं आणि प्लँटचंही. प्लँटच्या रजिस्टराची पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका आकड्यावर थांबलं.

"एकशे नव्वद? हे काय आहे?"

या जागी मी आजवर किती वेळा परत गेलो असेन, सांगता येणार नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की ती गाडी परत फिरवली होती, मी तिथे होतो. मी म्हणालो, "त्या दिवशी जास्त तापलं होतं, साहेब."

"आणि हा शेरा?"

"उर्दू आहे. मला वाचता येत नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मला उर्दू खरोखर येत नाही.

अहवाल मी लिहिला, दोन पानांचा. प्रयोगशाळेने डांबराचं प्रमाण तेवढं तपासलं होतं, म्हणून तापल्याचा पुरावा तो एकशे नव्वदचा आकडाच ठरला. गुत्तेदाराने तो लगेच मान्य केला. मुरूम कमी निघाला असता तर उजवी बाजू सबंध उखडावी लागली असती. डांबराचाच दोष ठरल्यावर वरून एक पातळ थर देऊन भागणार होतं. माझं रजिस्टर बचावलं, उपअभियंत्यांची सही बचावली. दोषी माणसाला काढून टाकल्याचं गुत्तेदाराने लेखी कळवलं. अहवालात चाचांचं नाव कुठेच नव्हतं. 'बर्नर चालक' एवढंच होतं आणि बर्नर चालक एकच होता.

काही दिवसांनी चाचा ऑफिसात आले. स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. भांडायला आलेत असं वाटून मी खुर्चीत ताठ झालो. ते उभेच राहिले आणि चांगला कान माझ्याकडे करून म्हणाले, "साहेब, माह्याकडून काय गलती झाली ते बराबर सांगा. मला तर कायच समजून न्हाई राह्यलं. तुम्ही शिकलेले लोक. तुम्ही सांगसाल तसं सुधरून घेतो."

शेजारच्या टेबलावर कारकून होता. तो नसता तर मी खरं सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. मी म्हणालो, "चाचा, बर्नरवर जरा लक्ष ठेवत जा."

ते मान हलवून गेले. त्या दुपारी जेवणाचा डबा मी उघडला आणि जेवलोही, हेही लिहून ठेवतो.

पुढे माझ्या बदल्या झाल्या, बढती झाली, मी निवृत्त झालो. त्या रस्त्यावर नंतर दोनदा वरचा थर दिला गेला आणि दोन्ही वेळा भेग त्याच रेषेत वर आली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो आणि त्या बाजूला जायचं झालं की बसच्या चाकाखाली ती रेष कळते. शेजारच्याला कळत नसेल. मला पायात कळते.

मागच्या वर्षी मी धीर करून माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. तिथल्या तरुण अभियंत्याने मला बसायला दिलं, चहा मागवला. मी म्हणालो, एका अहवालात चूक आहे, ती माझी आहे, दुरुस्ती नोंदवायची आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, ती फाइल आता नाही. मुदत संपलेल्या फाइली नष्ट केल्या."

"मग मी अर्ज देतो."

"कशावर देणार? कागदच नाही तर दुरुस्ती कशात करायची?" मग अवघडून म्हणाला, "तुम्ही त्रास करून घेऊ नका. रस्ताही आता नवीन होतोय. आता मुरूम नीट टाकतात."

अहवाल नाहीसा झाला होता. त्यातलं वाक्य मात्र ज्याच्यावर लिहिलं होतं त्याच्यापाशी होतंच. म्हणून मी चाचांचं घर शोधत गेलो. भोकरदन तालुक्यातच एका गावात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. ते पत्र्याच्या छपरीत बाजेवर बसून लसूण सोलत होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. त्यांनी मला ओळखलं नाही. हुद्दा सांगितल्यावर मात्र उठून उभे राहिले. मी बसा म्हणालो तरी बसेनात.

मी सगळं सांगितलं. बाजेवर लसणाच्या पाकळ्या मांडून रस्ता दाखवला. ही डावी बाजू, ही उजवी, इथे झाडं, इथे भेग. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे समजावून सांगायला अवघड आहे. त्यांना तर अर्ध्यातच समजलं.

"म्हंजे एकाच गाडीचा माल," ते म्हणाले. "इकडं फुटला आन् तिकडं न्हाई फुटला."

"हो."

"मंग मालात खोट न्हाईच."

"नव्हती. तुमचा माल चांगला होता, चाचा."

त्यांनी भेगेच्या जागची पाकळी उचलून हातात घेतली. मग विचारलं, "तुम्हाला कवा समजलं हे?"

"त्याच दिवशी. खड्डा घेतला तेव्हा."

"म्हंजे मी हापिसात आल्तो तवा ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

दारात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "इत्ते साल कुठं होते, साहेब?" आवाज चढवला नाही. बाजार कुठला केला असं विचारावं तसं विचारलं. पाणी मात्र दिलं.

चाचा म्हणाले, "मी दोन-तीन प्लँटवर गेल्तो नंतर. जालन्याकडं एक होता, अंबडकडं एक. काम मिळत होतं. पण तुम्ही सांगितलं होतं ना, ध्यान ठेवा म्हणून. तर मी आपला पहिलेच सांगून टाकायचो. माह्याकडून एकदा माल जळालाय, साहेबांनी सांगितलंय, आता तसं होणार न्हाई. लपवून काम घेणं बरं न्हाई." ते थोडं हसले. "मंग ते घेत नव्हते."

मी हे धरलंच नव्हतं. अहवाल फिरत गेला असेल, गुत्तेदाराने नाव खराब केलं असेल, असं मी समजत आलो होतो. त्या प्लँटवर अहवाल कुणीच वाचला नव्हता. मी ऑफिसात बोललेलं एक वाक्य ते स्वतःच दारोदार घेऊन फिरले होते.

मी म्हणालो, माझ्याकडून होईल ते सांगा, मी करतो. त्यांनी विचार केला. काम आता त्यांना जमणार नव्हतं, पैशाचं त्यांनी काढलं नाही. म्हणाले, "राजूरकडं नव्या रोडसाठी प्लँट आलाय. तिथं चला. तिथल्या बर्नरवाल्याला तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

"तो तुम्हाला ओळखतो का?"

"न्हाई. पण त्या लायनीतला हाय ना."

आम्ही ऑटो करून गेलो. प्लँट मोठा होता. काचेच्या गार केबिनमध्ये पंचविशीतला एक ऑपरेटर पडद्यासमोर बसला होता. उत्तर प्रदेशातला होता. आम्ही गाववाले, धुळीची तक्रार घेऊन आलोय असं त्याने धरलं आणि घाईने दोन खुर्च्या पुढे केल्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली. हे चाचा पूर्वी प्लँटवर होते, एका रस्त्याला भेगा गेल्या, दोष यांच्यावर आला, पण तो यांचा नव्हता.

"कौन सा रोड, अंकल?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याला तो माहीत नव्हता. कधीचं काम, ते सांगितलं. त्याने आदराने मान हलवली आणि एक डोळा पडद्यावर ठेवला. मी मुरमावर आलो, झाडांवर आलो, कोअरवर आलो. बाहेर डंपर हॉर्न देत होता. "हां जी, हां जी," तो म्हणत राहिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं आणि चाचा शेजारी चांगला कान पुढे करून माझा एकेक शब्द ऐकत होते. दुसऱ्यांदा माझा आवाज नको तितका चढला.

चाचांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "त्याची गाडी खोळंबलीय."